आप्पांच्या नावापुढचा इंग्रजी शब्द

आमच्या धंद्यात वाचता येणाऱ्या माणसाचं काही काम नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी धम्मपाल. फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. गिऱ्हाईक येतं, खुर्ची ओढून माझ्या खांद्याला खांदा लावून बसतं आणि पडद्यावर एकच गोष्ट बघतं: आपला फोटो. केवढा आहे, कुणाच्या शेजारी आहे, कुणाच्या वर आहे. खाली शुभेच्छुकांची पंगत असते. त्यात कोण पहिल्या ओळीत आणि कोण दुसऱ्या, यावरनं सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या दारातलं पाणी सोडलंय. मजकूर? मजकूर कोण वाचतंय! 'कार्यसम्राट', 'गोरगरिबांचे कैवारी', 'युवकांचा बुलंद आवाज', हे सगळं माझ्या फाइलीत तयार पडलेलं असतं, उचलायचं आणि ठेवायचं. एकदा एका पैलवानाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझ्या चुकीनं आदल्या दिवशीचं 'आपले दुःखात सहभागी' तसंच राहून गेलं. आठ दिवस तो फ्लेक्स चौकात होता. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट पैलवान येऊन म्हणाला, फोटो लई झ्याक आलाय.

ही गोष्ट दोन हजार सहाची. तेव्हा कोल्हापुरात फ्लेक्स नवा नवा होता आणि लोकांना त्याचा असा नाद लागला होता, की म्हैस व्याली तरी चौकात वीस बाय दहा लागायचा.

माझी बहीण संघप्रिया तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी घेऊन. आमच्या घरातनं कॉलेजची पायरी चढलेली पहिली तीच. तिला पुढं एम.ए. करायचं होतं आणि त्याला पहिला वर्ग पाहिजे होता. परीक्षा मार्चअखेर. आणि घरात वाचायला जागा म्हणाल तर एक खोली, तीत माझी दोन वर्षांची जुळी कार्टी. एक रडायचं थांबलं की दुसरं सूर लावायचं. त्यात भिंतीला लागून बेंजो पार्टीची तालीम. बिचारी पुस्तक घेऊन माझ्या दुकानात यायची आणि छपाईच्या मशीनमागं स्टुलावर बसायची. त्या शाईचा वास असा उग्र, की संध्याकाळपर्यंत तिचं डोकं फुटायला लागायचं. दोनदा तिला उलटी झाली. तोंड पुसून परत पुस्तक उघडून बसली. मला बघवत नव्हतं, पण करतो काय, कपाळ!

आणि चीड कशाची येत होती सांगू? आमच्या विहाराच्या शेजारी अभ्यासिका बांधून तयार होती. पंखे, ट्यूबलाइटी, भिंतीला आकाशी रंग, सगळं झालेलं. आणि चौदा महिने दाराला कुलूप. चावी वॉर्डाचे नगरसेवक कृष्णात आप्पा यांच्या घरी खुंटीला. उद्घाटनाला मंत्री पाहिजे होता आणि मंत्र्याला सवड नव्हती. आम्ही गल्लीतली माणसं सहा वेळा गेलो. दर वेळी आप्पांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हुतंय की! जरा दम काढा." आप्पा माणूस वाईट नव्हता बरं का. मयताला पहिला, लग्नाला पहिला, दवाखान्यात डबा घेऊन जाणार पहिला. पण ती चावी काय खुंटीवरनं हलायला तयार नव्हती.

जानेवारी संपत आला होता. एका दुपारी आप्पा दुकानात आले आणि खुर्चीत धप्पकन बसले.

"धम्मा, बारा तारखेला वाढदिवस हाय. औंदा दणका पायजे. पलीकडल्या वॉर्डातल्या गणपतरावानं 'डायनॅमिक' लावलंय, बगितलास न्हवं? इंग्रजीत! मला त्याच्या वरचढ पायजे. अख्ख्या कोल्हापुरात कुणाच्या फ्लेक्सवर न्हाय असा शब्द काढ."

"पॉवरफुल?" मी म्हणालो.

"ते ऑइलच्या डब्यावर असतंय लगा."

"ब्रिलियंट?"

"ते क्लासवाल्यांचं. माझ्याकडं बगून कुणाला पटंल?"

हे मात्र त्यांचं खरं होतं. मी डोकं खाजवत बसलो. तेवढ्यात मशीनमागनं आवाज आला, "कॉन्सिक्वेन्शियल."

आप्पांनी मान वळवली. संघू स्टुलावर बसलेली, नजर पुस्तकातच.

"काय म्हणालीस बाळ? परत म्हण."

"कॉन्सिक्वेन्शियल. तेरा अक्षरं हाईत."

तेरा म्हटल्यावर आप्पांचे डोळे चमकले. त्यांनी बोटं मोजली. 'डायनॅमिक'ची इंग्रजीत सातच भरली. "जवळपास दुप्पट!" ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं विचारलं, "अर्थ काय त्याचा?"

"ज्याच्या करण्यानं फुडं काहीतरी घडतंय आणि म्हणून ज्याला महत्त्व हाय, असा."

"म्हंजे मीच की!"

"मग सरळ इम्पॉर्टन्ट म्हण की," मी मधी बोललो. मला माझं टायपिंग वाचवायचं होतं.

संघूनं पुस्तकात बोट घातलं आणि आमच्याकडं बघितलं. तिच्यातली मास्तरीण जागी झाली की ती अशी बघते. "तसं न्हवं दादा. इम्पॉर्टन्ट माणूस नुसता खुर्चीत बसला तरी इम्पॉर्टन्टच असतोय. ह्या शब्दाला मागं परिणाम लागतो. समज, सभापतीनं भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या, माणसं घरला गेली. ते भाषण कॉन्सिक्वेन्शियल न्हवं. सभापतीनं एक सही केली आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. ती सही कॉन्सिक्वेन्शियल."

"आणि पाणी न्हाईच आलं तर?" आप्पांनी विचारलं. नळाचा विषय निघाला की त्यांना घाम फुटायचा.

"तर त्याच शब्दाच्या आधी 'इन' लावायचं. इनकॉन्सिक्वेन्शियल. म्हंजे हाय काय आन् न्हाय काय."

"ते इन आपल्याकडं अजिबात नगं!" आप्पा अर्धे उठलेच. "धम्मा, टाइप करताना ध्यान ठेव हां."

"मग खाली एक तरी काम लिवावं लागंल," संघू म्हणाली. "माणसाच्या नावापुढं हा शब्द आला की वाचणारा विचारणार, काय घडवलं? झालेलं काम पायजे. चालू न्हवं, मंजूर न्हवं. झालेलं."

"लिव की मग! मायंदाळ कामं हाईत. पाण्याची टाकी लिव."

"टाकीचं भूमिपूजन झालंय आप्पा," मी म्हणालो. "टाकी कुटं हाय?"

"बरं, बाग."

"बागेचं गेट झालंय. आत ज्ञानूच्या म्हशी बांधलेल्या असत्यात."

"गटार तरी?"

"निम्मं झालंय. पाणी तितपतोर येतंय आणि आकाराम मिस्त्रीच्या उंबऱ्यात थांबतंय. त्यो रोज तुमच्या नावानं बोंब मारतोय."

आप्पा चिडले. "अरं, तेवीस नारळ फोडल्यात मी ह्या वॉर्डात! तेवीस!"

"नारळ लिवूया?" संघूनं विचारलं. चेहरा असा सरळ, की मला हसू दाबायला माउसचं चाक फिरवावं लागलं.

आप्पांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि न मळताच परत ठेवली. मग संघू पान उलटता उलटता, जणू आत्ताच सुचलं असं म्हणाली, "एक हाय की. अभ्यासिका. बांधून पुरी झाल्याली हाय, नुसतं कुलूप काढायचं राहिलंय."

आप्पांनी मांडीवर अशी थाप मारली, की शेजारच्या चहाच्या गाड्यावरचा माणूस वळून बघायला लागला. "वाढदिवसालाच उद्घाटन! मंत्री गेला उडत!"

ते गेल्यावर मी संघूला विचारलं, "खरंच इंग्रजीत असा नियम हाय?"

"अर्थ डिक्शनरीतला हाय," ती म्हणाली. "खाली काम लिवायचा नियम माझा."

बहीण माझी, पण त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात हात जोडले.

डिझाइन केलं. आप्पांचा फोटो पाच फुटी, गॉगलसकट. डोक्यावर सोनेरी इंग्रजीत कॉन्सिक्वेन्शियल. खाली शुभेच्छुक, छत्तीस तोंडं. आणि अगदी खाली एक ओळ: 'विहाराशेजारील अभ्यासिकेचे आप्पांच्या हस्ते उद्घाटन.' एवढंच लिहायचं ठरलं होतं. पण त्या एका ओळीवर माझा विश्वास बसेना. आप्पांची उद्घाटनं मी ओळखत होतो. फीत कापायची, फोटो काढायचा, पेढे वाटायचे आणि कुलूप परत जागच्या जागी. मी त्या ओळीच्या खाली, ठळक अक्षरात, अजून तीन ओळी ठोकल्या:

'अभ्यासिका १२ फेब्रुवारीपासून रोज पहाटे ५ ते रात्री १० सर्वांसाठी मोफत खुली. चावी आप्पांच्या राहत्या घरी मिळेल. दार वाजवायला लाजू नये.'

संध्याकाळी आप्पा प्रूफ बघायला आले. मी कागद पुढं ठेवला आणि श्वास रोखून बसलो. आप्पा वाकले. चष्मा लावला. पाव तास बघत होते. मग बोट ठेवलं.

"ह्यो पवार पहिल्या वळीत का?"

"काढू?"

"दुसरीत घाल. आणि माझ्या गालावर जरा उजेड मार." त्यांनी खाली झोकात सही केली, तारीख घातली. "चौदा काढ. वॉर्डात एक कोपरा सोडू नगंस."

बारा तारखेला रविवार होता. सकाळी अकराला अभ्यासिकेसमोर हलगी वाजली, नारळ फुटला. तो चोविसावा. आप्पांनी खुंटीवरची चावी कुलपात घातली आणि दार ढकललं. दार निम्मं उघडलं आणि आत कशाला तरी अडलं.

मी पुढंच उभा होतो, त्यामुळं आतलं मलाच पहिल्यांदा दिसलं. फ्लेक्स! जमिनीपासून पंख्यापर्यंत फ्लेक्सच्या गुंडाळ्या. गेल्या वर्षीचा वाढदिवस, त्याच्या आधीची निवडणूक, दिवाळीच्या शुभेच्छा, नारळफोडीचे तेवीसच्या तेवीस. आप्पांनी अभ्यासिकेचं गोडाऊन केलं होतं. आणि त्यातली एकूण एक गुंडाळी माझ्या हातची. माझी बहीण माझ्या मशीनच्या वासानं ओकत होती, आणि तिच्या बसायच्या जागेत माझेच 'कार्यसम्राट' रचून ठेवले होते. दुसऱ्याला शिव्या घालणं सोपं असतं हो. त्या दाराशी उभं राहून मला शिव्या घालायला माझ्याशिवाय माणूस सापडेना.

आतलं दिसू नये म्हणून फोटो दारातच काढला. पेढे झाले. साडेअकराला आप्पांनी कुलूप लावलं आणि म्हणाले, "आतलं सामान काडायला लागतंय. बगू पुढच्या हप्त्यात. हुतंय की!"

संघू घोळक्याच्या मागं पुस्तक छातीशी धरून उभी होती. सकाळी सहालाच न्हाऊन तयार झालेली. घराकडं जाताना एवढंच म्हणाली, "दादा, मशीन आज बंद असतंय न्हवं? मग दुकानात बसतो मी." आमच्या कोल्हापुरात बायकाही 'बसतो'च म्हणतात. मी किल्ली दिली.

पण चौदा फ्लेक्स चौदा कोपऱ्यांवर लागले होते. आणि एक गोष्ट मी विसरलो होतो. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो असतात ते मजकूर वाचत नाहीत. ज्यांचे नसतात, ते वाचतात. परीक्षा जवळ आलेली पोरं तर मिठाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचतात.

सोमवारी पहाटे पाचला आप्पांच्या दाराची कडी वाजली. आप्पांच्या आई शालूबाई, वय सत्तर, आवाज चाळीसचा. त्यांनी दार उघडलं तर पायरीवर नऊ पोरं, दप्तरं घेऊन.

"काय रं? कोण गेलं?"

"आज्जी, चावी."

"कसली चावी?"

"फ्लेक्सवर लिवलंय. दार वाजवायला लाजू नगा म्हणून."

शालूबाईंनी त्यांना हाकललं. सहाला अजून अकरा आली. सातला एक बाप पोरीला सायकलवर बसवून पार दुसऱ्या वॉर्डातनं आला. संध्याकाळी परत तीच जत्रा. मंगळवारी पहाटे सत्तावीस. आप्पा आत पांघरुणात तोंड खुपसून झोपलेले आणि बाहेर पोरं पाळीपाळीनं कडी वाजवतायत, लाजू नका म्हटलंय म्हणून न लाजता.

मंगळवारी नऊला आप्पा दुकानात आले. गॉगल नाही, आंघोळ नाही.

"कुणी लिवलं ते? कुणी सांगितलं हुतं?"

मी प्रूफ काढून सही दाखवली. आप्पांनी मालकाला एक फोन केला असता तर मी संध्याकाळी घरी बसलो असतो, जुळी पोरं घेऊन.

"आत्ताच्या आत्ता चौदाच्या चौदा उतरव!"

"उतरवतो की," मी म्हणालो. "पण आप्पा, दोन दिवसांत वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला तर गणपतराव काय म्हणंल?"

संघू मशीनमागनं उठून पुढं आली. चेहरा पांढरा झालेला, पण आवाज स्वच्छ. "त्यांच्याकडं बी इंग्रजी येणारं कोणतरी असंलच. ते नुसतं फुडं 'इन' लावत्याल."

आप्पांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आणि तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर शालूबाई. पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत धूळ.

"ह्यो हितं बसलाय व्हय!" त्या लेकावर कडाडल्या. "कुलूप काडून आलोय मी. त्या पोरांस्नी घिऊन आत शिरलो. काय ठेवलंयस रं आत? तुझीच तोंडं! शंभरभर तोंडं! बाहेर टाकावीत तर लेकाचं तोंड उकिरड्यावर टाकवंना मला. मग पालथी घालून हातरली सगळी खाली. पोरं बसल्यात त्यावर."

"आई, अगं मंत्री..."

"मंत्री येतोय का पाच वाजता माझं दार वाजवायला? चावी आता माझ्या कनवटीला ऱ्हाईल. मी उघडनार आन् मीच लावनार. गप घरला चल, च्या गार हुतोय."

आप्पा उठले. दारातनं वळून मला म्हणाले, "धम्मा, फ्लेक्स ऱ्हाऊ दे." आणि जरा थांबून, "गालावर उजेड बरा पडलाय."

त्या दिवशी संघूचं कॉलेज पाचला सुटलं. घरी येऊन माझ्या जुळ्यांना भरवून, भांडी घासून सातला ती निघाली. मी मुद्दाम लवकर काम आवरून तिच्याबरोबर गेलो. तिच्या हातात पुस्तक, माझ्या हातात तिची पाण्याची बाटली. मला असं वाटत होतं की मी तिला गडावर घेऊन चाललोय, राज्याभिषेकाला. दारात चपलांचा ढीग. उंबऱ्याशेजारी पाटावर शालूबाई. मी आत बघितलं आणि जागच्या जागी थिजलो.

पोरं, नुसती पोरं! भिंतीला टेकलेली, पाठीला पाठ लावलेली, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली. कुणी गणितं करतंय, कुणी ओठ हलवत पाठ करतंय. ज्यांना मी जन्मात कधी बघितलं नव्हतं अशी पोरं. पाय ठेवायला जागा नव्हती.

माझं टाळकं सरकलं. "अरं, कुणासाठी केलं हे सगळं! हिच्यासाठी केलंय! उठा की दोघं तरी!"

सगळ्या माना वर झाल्या. शालूबाईंनी काठी माझ्या पायावर टेकवली. "वरडू नगंस. पोरं वाचाय लागल्यात."

मी संघूकडं बघितलं. वाटलं, आता ही रडणार. ती हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, महिनाभरात हसली नव्हती तशी. "दादा, गप," ती म्हणाली. चपला काढल्या आणि एक एक पाय जपून टाकत आत गेली. कोपऱ्यातल्या एका बारक्या पोरीनं पुस्तकातनं डोकं वर न काढताच गुडघे पोटाशी ओढले. वीतभर जागा झाली. त्या वीतभर जागेत माझी बहीण अंग चोरून बसली आणि तिनं पुस्तक उघडलं. शाईचा वास नव्हता, बेंजो नव्हता. दोन मिनिटांत ती त्या पुस्तकात अशी बुडाली की मी तिथं आहे हेसुद्धा तिच्या ध्यानात राहिलं नाही.

मी बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो. मला रडू आलं. आलं तर आलं, लाज कसली!

शालूबाईंनी परत काठी टोचली. "आता तू जा घरला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दारात हुबा ऱ्हायलास की वारं अडतंय."

मी बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि बाजूला झालो.